आईंबरोबर खाडीवर

५ डिसेंबर

आईंचा फोन. वर्षभर हूं नाही की चूं नाही, आणि आज, जणू कालचंच बोलणं अर्धवट राहिलं होतं अशा सुरात — "शनिवारी सकाळी मोठी ओहोटी आहे. पाहुणे आलेत सगळे. येतेस का?"

पाहुणे म्हणजे पक्षी. थंड मुलखातून हिवाळ्यात खाडीच्या चिखलावर उतरतात ते. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात आम्ही दोघी जायचो. सासू-सुना गळ्यात दुर्बिणी घालून निघाल्या की बिल्डिंगमधले लोक खिडकीतून बघून हसायचे.

मी 'हो आई' म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि मग डोकं चालायला लागलं. हो काय, आणि आई काय! घटस्फोट झाला. नवरा आता नवरा नाही, हे कोर्टाने सांगितलं. सासूचं काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही.

६ डिसेंबर

दातांच्या लॅबमध्ये दिवसभर एका कवळीवर काम. डॉक्टरांकडून आलेलं जबड्याचं माप कडेला फाटलेलं, त्यामुळे साचा पुन्हा ओतावा लागला. प्लास्टर केसात, नाकात, चहात.

शेजारच्या टेबलावर पोर्सलेनवाली बसते. दातांवर पोर्सलेनचे थर चढवते, म्हणून आम्ही सगळे तिला तेच म्हणतो. तिला शनिवारचं सांगितलं. तिने ब्रश खाली ठेवला. म्हणाली, साप सोडलास आणि शेपूट धरून ठेवलंस?

हसायला आलं. पण आईंना शेपूट म्हणवत नाही.

मग तिने गंभीर होऊन समजावलं — मुलाने पाठवलंय त्यांना. वकिली करायला. पक्षी दाखवता दाखवता तुलाच पिंजऱ्यात घालतील, बघ.

तेव्हापासून पोटात गोळा.

७ डिसेंबर

बरं नाही म्हणून सांगावं का? सर्दी आहेच थोडी.

नाही सांगितलं.

८ डिसेंबर

भीती कसली आहे ते एकदा स्वतःशी नीट मांडते. कागदावर तरी.

तो मारायचा नाही. ओरडायचाही नाही. म्हणून तर कोणाला सांगता यायचं नाही. तो बोलणं बंद करायचा. कारण काहीही — मी कामावरून उशिरा आले, त्याच्या मित्रासमोर त्याचं वाक्य मधेच तोडलं, टॉवेल भलत्या खिळ्याला टांगला. की झालं. अबोला. आठवडा, दोन आठवडे, एकदा तर अख्खा उन्हाळा. घरात तो जेवायचा, पेपर वाचायचा, माझ्या अंगावरून पलीकडे बघायचा. मी खोलीत आहे हे खुर्चीला जास्त कळत असेल. मग मी माफी मागायची. कशाची, ते माहीत नसताना. पुढे पुढे तर मी आधीच मागून ठेवायला लागले.

शेवटी एका सकाळी बॅग भरली. आई तेव्हा दाराशी उभ्या होत्या. मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. एकही! त्याच्या अबोल्याची सवय होती मला. त्यांचा तो एक मिनिटाचा अबोला जास्त लागला.

आता भीती ही, की त्या 'परत ये' म्हणतील. त्याला नाही म्हणणं सोपं होतं. आईंना नाही म्हणायची जीभ मला नाही. कधीच नव्हती. त्यांनी दुधीच्या रसाचा ग्लास पुढे केला तरी मी पिऊन टाकायचे.

अंडी उकडून ठेवलीत. ब्रेड, संत्री. थर्मास धुऊन पालथा घातलाय. गजर लावला.

९ डिसेंबर

संध्याकाळ. आंघोळ झाली, तरी नखांत अजून चिखल आहे. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

बस-स्टॉपवर आई माझ्या आधी हजर. तीच कानटोपी, तोच मुलाचा जुना जाड कोट — बाह्या दुमडलेल्या. केस जास्त पांढरे झालेत. मी काय म्हणावं म्हणून घुटमळले, तर त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, वजन करून बघितलं आणि विचारलं, अंडी आहेत ना? बस्स. भेटीचा सोहळा संपला.

बसमध्ये त्या खिडकीशी. सगळा रस्ता मी वाट बघत होते — आता विषय काढतील, आता काढतील. त्या बोलत होत्या ते गुडघ्यांबद्दल, लिफ्ट बंद असते त्याबद्दल, आणि त्यांच्या टेलिफोन ऑफिसातली एक मैत्रीण वारली त्याबद्दल. आई तिथे ऑपरेटर होत्या, नोकरीभर. कानांवर हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड. अजूनही कान असे तीक्ष्ण की पक्षी दिसायच्या आधी त्यांना ऐकू येतो. त्याच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मला वाटलं, परतीच्या बसला काढणार. आधी पोट भरू देणार, मग काढणार.

खाडीवर पोचलो तेव्हा पाणी पार लांब गेलं होतं. इकडून तिकडे नुसता चिखल, त्यावर ऊन. वारा असा की डोळ्यांतून पाणी. बांधावरून चालत गेलो, उलट्या घातलेल्या होड्यांच्या पुढे, आमच्या नेहमीच्या दगडांपर्यंत. मेणकापड अंथरलं. बसलो.

आणि मग पाहुणे! आधी नुसता चिखलच दिसतो. मग चिखलाचं एक ढेकूळ पळायला लागतं. मग दुसरं. मग कळतं की सगळा चिखलच पळतोय. चिखल्या — चार पावलं धावायचं, थांबायचं, टोचायचं. तुतारी, शेपटी सारखी वरखाली. शेकाट्या आपल्या लाल काटक्यांसारख्या पायांवर. आणि एकटाच लांब उभा कोरल, खाली वळलेली लांबलचक चोच घेऊन — चिखलात पार डोळ्यांपर्यंत घालत होता.

मी म्हटलं, असं माप कुठल्या डॉक्टरने घेतलं असेल. आई हसल्या. दुर्बीण न काढताच म्हणाल्या, प्रत्येकाची चोच वेगळ्या लांबीची. कोणी वरवरचं खातो, कोणी खोलातलं. एकाच चिखलात जेवतात, पण दुसऱ्याच्या ताटात हात नाही.

हे त्या आधीही सांगायच्या. तरी ऐकायला बरं वाटलं.

मग एकदम सगळं शांत झालं. आईंनी माझ्या दंडाला धरलं. "ससाणा," त्या पुटपुटल्या. मला काहीच दिसेना. पण चिखलावरचे सगळेच्या सगळे एका क्षणात उठले. शेकडो. एक वळण — सगळे पांढरे. दुसरं वळण — काळे. पुन्हा पांढरे. जणू कोणी हवेत चादर झटकतंय. बहिरी ससाणा वरून दगडासारखा आला, थव्यातून आरपार गेला, आणि रिकाम्या पंजांनी वर निघून गेला. थवा फाटला, जुळला, पुन्हा खाली उतरला आणि जेवायला लागला. काही झालंच नव्हतं जणू.

मी कितीतरी वेळ तोंड उघडं ठेवून बसले होते. वर्षभरात पहिल्यांदा डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पुढचं मात्र घाबरवणारं. कोरल पुढे सरकला. आईंना तो उन्हाच्या उजव्या बाजूने बघायचा होता. मी थर्मास उघडत होते, माझी पाठ होती. मागे वळले तर आई बांधावरून खाली उतरलेल्या आणि पार लांब. मी हाक मारली. त्यांनी हात हलवला — गप्प बस, उडेल. आणि पुढच्याच पावलाला त्यांचा पाय गेला. गुडघ्याच्या वर. दुसरा पाय उचलायला गेल्या तर तोही रुतला.

पक्षी उडालाच.

मी धावले. धावत कसली, चिखलात तुडवत. जवळ पोचेपर्यंत माझेच पाय जायला लागले. तेव्हा सुचलं, परत फिरले, मेणकापड ओढत आणलं, पसरलं आणि त्यावर गुडघे टेकले. त्याने भार पसरला. आईंचे हात धरून ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. त्या कळवळल्या. गुडघ्यातून कट्‌ असा आवाज झाला. दूरवर पाण्याची कड चकाकत होती, आणि ती कड मघाशी तिथे नव्हती. भरती लागली होती. बांधावर चिटपाखरू नाही. फोन पिशवीत, पिशवी दगडांवर.

आईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण म्हणाल्या काय — तू मागे जा, दोघींनी कशाला बुडायचं. मी त्यांना जन्मात पहिल्यांदा ओरडले. "गप्प बसा हो तुम्ही!"

आणि मग — कसं कोण जाणे — कवळी आठवली. वरची कवळी टाळूला घट्ट बसली की ओढून निघत नाही. जितकं ओढाल तितकी चिकटते. बाजूने बोट सरकवायचं, आत हवा जाऊ द्यायची. मग आपोआप सुटते. चिखल काय, तोच प्रकार! ओढणं बंद केलं. पोटावर आडवी झाले आणि त्यांच्या पायाच्या कडेने हात आत घातला, कोपरापर्यंत. बोटांनी चिखल बाजूला करत गेले. थंड इतका की हाताला हात कळेना. आईंना सांगितलं, पाय वर ओढू नका, नुसता हलवा, गोल गोल. थोड्या वेळाने आतून 'बुळुक' असा आवाज झाला. हवा गेली! पाय निघाला. बूट राहिला. दुसऱ्या पायाला वेळ कमी लागला, तो बुटासकट आला. मग दोघी मेणकापडावरून सरपटत, कापड पुढे ओढत, पुन्हा सरपटत बांधाकडे. त्या मोठ्या कोटात आई कासवासारख्या दिसत होत्या. मी हे सांगितलं तर त्या इतक्या हसायला लागल्या की सरपटणं थांबलं. मग मीही. आम्ही दोघी चिखलात उताण्या पडून हसत होतो आणि पाणी येत होतं.

दगडांवर पोचलो. त्यांचे पाय माझ्या मफलरने पुसले, माझे मोजे काढून त्यांना घातले. गुडघा सुजला होता, पण वाकत होता. चहा ओतला. कप दोघींनी मिळून धरला.

मग त्याच म्हणाल्या, समोर पाण्याकडे बघत —

"तुला परत ये म्हणायला बोलावलेलं नाही मी. सकाळपासून तू अंग चोरून बसलीयस. सोड आता."

मी मान हलवली.

त्या सांगत गेल्या. थांबत थांबत. सासरे गेले तेव्हा मी त्या घरात नव्हते, मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. तर तेही असेच. तोच अबोला, वर्षानुवर्षं. आई म्हणाल्या, दिवसभर मी गावभरच्या लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचे, आणि घरी आले की लाइन बंद. मुलगा लहान होता, सगळं बघत होता. त्यांना वाटायचं, आईचे हाल बघतोय, मोठा होऊन असं करणार नाही. तो वेगळंच शिकला.

मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं — मी निघाले त्या दिवशी तुम्ही एक शब्द का नाही बोललात?

त्यांनी कप खाली ठेवला.

"काय बोलणार होते? थांब म्हणण्याचं तोंड नव्हतं. आणि जा म्हणाले असते, तर मी का थांबले याचं उत्तर द्यावं लागलं असतं. स्वतःलाच." मग एक संत्रं हातात घेऊन — "तू गेलीस ते बरं केलंस गं. हे सांगायला वर्ष घेतलं मी. आमची बिघडलेली लाइन."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. कोटाला त्याचा नाही, आता त्यांचाच वास येतो — बाम आणि खोबरेल. रडले. दुःखाचं रडणं नव्हतं. घट्ट बांधलेलं काही सैल झालं की येतं तसलं. पाणी आमच्या दगडांपर्यंत आलं, पक्षी सरकत सरकत अगदी जवळ आले, इतके की दुर्बीण लागेना. आम्ही संत्री खाल्ली. अंडी चेपली होती, तीही खाल्ली.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने आम्हाला आपादमस्तक पाहिलं. विचारलं, मासे मिळाले का? आई म्हणाल्या, एक बूट देऊन सून सोडवून आणली. त्याला काही कळलं नाही. मला कळलं. सून म्हणाल्या.

एका बुटात आणि एका मोज्यात त्या त्यांच्या स्टॉपवर उतरल्या. घरापर्यंत येऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही. ते दार मला बघायचं नव्हतं.

१० डिसेंबर

अंग ठणकतंय. मस्त झोपले. ऊन पायांवर आलं तेव्हा उठले. कपडे तीन पाण्यांतून काढले, तिन्ही वेळा पाणी काळं.

पोटातला गोळा शोधला. नाही.

११ डिसेंबर

पोर्सलेनवालीला सगळं सांगितलं. कवळीची युक्ती ऐकून तिने टेबलावर डोकं ठेवून हसून घेतलं. मग म्हणाली, तुझ्या सासूबद्दल चुकलंच माझं. जाताना स्वतःच्या डब्यातला अर्धा पेरू माझ्या टेबलावर ठेवून गेली. एवढी कंजूष बाई!

१४ डिसेंबर

आईंचा फोन. गुडघ्याची सूज उतरली. नवे बूट घ्यायचेत, कसले घेऊ. अर्धा तास बुटांवर.

१८ डिसेंबर

पुन्हा फोन. आज कोरलच्या चोचीवर. मग बोलता बोलता त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या गमती — कोण कोणाला चुकीच्या नंबरला जोडायचं आणि तिथेच लग्न कसं जमलं. मी फोन कानाला लावून कवळीचं मेण कापत होते, मान अवघडली, तरी ठेवावासा वाटेना. किती हसतात हल्ली!

२२ डिसेंबर

आता रोजच फोन असतो. दुपारी, तो कामावर असतो तेव्हा. काही विषय लागत नाही. आज बराच वेळ त्या खिडकीतून काय काय दिसतंय तेच सांगत होत्या. मी हं हं करत राहिले. चांगलं वाटतं. वर्षाचं साठलेलं बोलून घेतोय.

२९ डिसेंबर

दुकानात पडद्याचं कापड बघितलं. पिवळं. विनाकारण. कोणाला विचारायचं नव्हतं, कोणाला आवडेल का बघायचं नव्हतं. घेऊन टाकलं. शिवायला बसले आणि शिवता शिवता गुणगुणत होते, हे मधेच लक्षात आलं. थांबले नाही.

३ जानेवारी

सुट्टी. सकाळी बेल वाजली. दारात आई. हातात बॅग, पायात नवे बूट. आत येऊन खुर्चीवर टेकल्या, पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "खाडीवर तुझ्याबरोबर गेले होते हे त्याला कळलं, त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. वाट पाहिली. त्याच्या बापाची आयुष्यभर पाहिली होती. आता नाही पाहणार."

मी बॅग आत नेऊन ठेवली. दोघी बसून जेवलो. आता दुपार आहे, आई माझ्या पलंगावर झोपल्यात, चक्क घोरतायत. उद्या दुसरा पलंग बघायला जायचंय.